घोडे शेतात, मग खोगीर आणि लगाम कुठे ठेवावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन घोडे गावाबाहेरच्या शेतात कुंपणाच्या आत मोकळे असतात, तिथे एका पत्र्याच्या शेडखेरीज बांधकाम नाही, रात्री वस्तीला कोणी नसते आणि घर सहा किलोमीटरवर आहे, अशा स्थितीत खोगीर, लगाम आणि इतर सामान शेतावर ठेवावे की रोज दुचाकीवरून न्यावे-आणावे? पुरंदर तालुक्यात माझे घोडेही गेली अकरा वर्षे याच पद्धतीने राहतात आणि या काळात मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. माझे मत असे की, चामड्याचे सामान घरी असावे आणि स्वारीच्या वेळीच शेतावर यावे.

पहिली तीन वर्षे मी सर्व सामान शेडमध्ये ठेवीत असे. दाराला चांगले जाड कुलूप होते आणि त्याचा मला अभिमानही होता. मे महिन्यातल्या एका सकाळी गेलो तेव्हा कुलूप जसेच्या तसे होते; चोराने मागच्या बाजूचा पत्रा जे-बोल्टचे (पत्रा चौकटीला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचे) नट बाहेरून सोडवून शांतपणे उचलला होता. शेतात शिरणारा चोर बहुधा खोगिरासाठी येत नाही. तो विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, ठिबकचे साहित्य यांच्या शोधात असतो आणि हाताला लागेल ते धातूचे सामान भंगारासाठी नेतो. माझ्या रिकिबींचे चामडी पट्टे दोन दिवसांनी जवळच्या ओढ्यात सापडले; खोगीर, रिकिबी आणि स्टीलचे कडियाळे (लगामाचा घोड्याच्या तोंडात राहणारा भाग) मात्र गेले ते गेलेच. ज्याला त्या वस्तूची किंमत कळत नाही असा चोर अधिक नुकसान करतो, हे मला त्या दिवशी समजले. शेड वापरायचीच असेल तर निदान नट बाहेरून फिरणार नाहीत अशी व्यवस्था करावी: बोल्टच्या टोकावर वेल्डिंगचा ठिपका मारून घेतला तरी पुरते. बिजागऱ्यांचे स्क्रूही बाहेरून दिसता कामा नयेत.

शेतावर काहीच ठेवू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. सुती दोराची म्होरकी (घोडा धरून नेण्यासाठी त्याच्या तोंडावर चढवतात ती), एक लांब दोर, खरारा, खूर साफ करण्याची आकडी, बादली आणि जखमेवरचे औषध एवढे तिथे असलेच पाहिजे. रात्री घोड्याच्या पोटात दुखू लागले किंवा शेजारच्या उसाच्या फडाला आग लागली, तर खोगीर नसल्याने काही अडत नाही. म्होरकी नसेल तर घोडा हलवता येत नाही. या वस्तू स्वस्त असल्याने त्या गेल्या तरी फार हळहळ वाटत नाही. म्होरकी कुंपणाच्या फाटकाला टांगू नये, कारण त्यामुळे परक्या माणसाला घोडा नेण्याचे साधनच आयते मिळते. ती शेडच्या आत, अंधारात हाताला लागेल अशा ठरलेल्या खुंटीवर असावी.

घरी खोगीर ठेवण्यासाठी वेगळी खोली लागत नाही. त्याचा आतला सांगाडा लाकडाचा असो वा कृत्रिम, ते घोड्याच्या पाठीसारख्या गोल आधारावर ठेवायचे असते. मी जिन्याखालच्या भिंतीला दोन ब्रॅकेट लावून त्यांवर चार इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा आणि त्यावर जुन्या घोंगडीची घडी बसवली आहे. तात्पुरते जमिनीवर ठेवावे लागले, तर पुढचा उंचवटा खाली आणि मागचा भाग भिंतीला टेकवून उभे करावे आणि दोन्हींखाली तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) किंवा नमदा (खोगिराखालची जाड घडी) ठेवावा. सपाट जमिनीवर पसरून ठेवल्यास बाजूचे पंखे (स्वाराच्या पायाखाली येणाऱ्या चामडी झडपा) मुडपतात. लगामाचा डोक्यावरून जाणारा पट्टा खिळ्याला अडकवला की तिथेच घडी पडते आणि कालांतराने चामडे तिथेच तडकते. त्यासाठी एखादा रिकामा गोल डबा भिंतीला आडवा ठोकून त्यावर लगाम अडकवावा. घोड्याच्या घामाचा वास घरात येतो, अशी तक्रार आमच्या घरीही होती. वास येतो तो मुख्यतः नमद्याचा. तो बाहेर वाळवून मगच आत आणला तर चामडे फारसे कोणाला जाणवत नाही.

आता नेण्या-आणण्याचा भाग, कारण नुकसान खरे म्हणजे इथेच होते. दुचाकीच्या मागच्या आसनावर खोगीर घोड्यासारखेच चढवून दोरीने आवळणे हा सर्वांना पहिल्यांदा सुचणारा उपाय आहे आणि तो धोक्याचा आहे. आसनाचा आकार घोड्याच्या पाठीसारखा नसल्याने खोगीर खड्ड्यागणिक डुचमळते, दोरी चामड्यात रुतते आणि सुटलेली रिकीब किंवा लोंबणारा तंग चाकाच्या आऱ्यांत अडकला तर माणूसच पडतो. म्हणून रिकिबी पट्ट्यांसकट काढून घ्याव्यात, तंग वेगळा गुंडाळावा आणि या सगळ्याबरोबर लगाम पाठीवरच्या पिशवीत घालावा. खोगिरासाठी मी दूध घालणाऱ्यांच्या गाडीला असते तशी लोखंडी चौकट गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली: किटल्यांच्या कड्यांऐवजी वर एक अर्धगोल आडवा आधार आणि त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. खोगीर जाड कापडी पिशवीत घालून त्यावर ठेवतो आणि दोन रुंद पट्ट्यांनी बांधतो. बांधताना पट्टा बैठकीच्या मधोमध आवळू नये, कारण तिथला ताण थेट सांगाड्यावर येतो. पिशवीचा एक अनपेक्षित फायदा असा की, रस्त्यावरच्या माणसाला आत काय आहे ते कळत नाही. रोज ठरलेल्या वेळी उघडे खोगीर घेऊन जाणारा माणूस आपले घर आणि शेत दोन्ही दाखवीत फिरत असतो.

चारचाकी असल्यास काम सोपे होते, पण दोन चुका टाळाव्यात. खोगिरावर दुसरे काहीही ठेवू नये. एकदा टेम्पोत माझ्या खोगिरावर भुशाचे पोते ठेवले गेले. बाहेरून काहीच दिसत नव्हते; पंधरा दिवसांनी घोडीच्या पाठीवर एका बाजूला सूज आली तेव्हा खोगीर उलटे करून तपासले आणि सांगाडा तडकल्याचे लक्षात आले. संशय आल्यास खोगिराचा पुढचा भाग मांडीवर धरून मागचा उंचवटा हलकेच आपल्याकडे ओढून पाहावा. बैठक मधूनच वाकली किंवा करकर आवाज आला, तर ते घोड्यावर चढवू नये. दुसरी चूक म्हणजे सामान दिवसभर उन्हातल्या गाडीत ठेवणे. बंद गाडीतल्या उष्णतेने चामड्यातले तेल निघून जाते, आणि काचेतून दिसणारे खोगीर म्हणजे चोराला निमंत्रणच. घोडा टेम्पोने न्यायचा असेल, तर सामान केबिनमध्ये ठेवावे. घोड्याच्या अंगावर चढवलेले किंवा त्याच्याशेजारी टांगलेले नसावे. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे घेऊन आलेले जुने लोक रात्री खोगीर उशाला घेऊन झोपतात. तिथल्या गर्दीत याहून चांगली तिजोरी मला तरी सुचलेली नाही.

काही कारणाने शेतावरच ठेवणे भाग असेल, तर शेडच्या दारापेक्षा पेटीवर खर्च करावा. जाड पत्र्याची, खोगीर आधारासकट मावेल एवढी पेटी बनवून घ्यावी आणि ती आतून बोल्ट घालून काँक्रीटच्या चौथऱ्याला पक्की करावी, म्हणजे ती उचलून नेता येत नाही. कुलपाची कडी कटरच्या जबड्यात येणार नाही अशी झाकलेली हवी. पेटी उन्हात नसावी, तिच्याखाली हवा खेळावी आणि बाजूंना जाळी लावलेली छिद्रे असावीत. जाळी उंदरांसाठी आहे. घामाचे मीठ आणि तेल मुरलेले चामडे ते आवडीने कुरतडतात. आपण खोगीरभरती हा शब्द लेखांना लावतो, पण लोकरीने भरलेल्या खऱ्या खोगिराची किंमत बाळंत होऊ पाहणाऱ्या उंदरीला विचारावी.

पावसाळ्यात मात्र पेटीचा नाद सोडावा. हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती सहज त्यापुढे असते. बंद पेटीत आठ दिवसांत हिरवट-पांढरा थर येतो. घरीसुद्धा प्लास्टिकचे आवरण न घालता मांजरपाटाचे किंवा जुन्या सुती साडीचे घालावे. भिजलेले खोगीर उन्हात किंवा चुलीजवळ न वाळवता सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. बुरशी कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसून मग सॅडल सोपने (चामड्याच्या खास साबणाने) साफ करावे आणि पूर्ण वाळल्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जवसाचे तेल वापरू नये, ते वाळून कडक होते. कोणतेही तेल जास्त झाले तर शिवण कुजते आणि पट्टे लांबतात. ओलावा शोषण्यासाठी कोणी चुनकळी (न विरवलेला चुना) ठेवायला सांगितली तर ती टाळावी, कारण पाणी लागताच ती तापते आणि चामडेही जाळते. मी या चार महिन्यांसाठी एक कृत्रिम कापडाचे खोगीर घेतले आहे. ते दिसायला यथातथाच आहे, पण हलके आहे, पाण्याने धुता येते आणि दुचाकीवर त्याची फारशी काळजी करावी लागत नाही.

सामानावर खूण करण्याचे काम आजच उरकून घ्यावे. खोगिराच्या पंख्याखाली चामड्यावर अक्षरांच्या ठशांनी आपला मोबाइल क्रमांक उमटवता येतो, आणि कडियाळ्यावर व रिकिबींवर भांड्यांवर नाव घालणारा कारागीर तो कोरून देतो. कोरलेला क्रमांक असला की भंगारवाला माल घेताना बिचकतो. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि बिल मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी असू द्यावे. माझ्या चोरीच्या वेळी बिल नव्हते, त्यामुळे तक्रार लिहून घेताना 18,000 रुपयांच्या वस्तूचे वर्णन मला ‘तपकिरी रंगाचे जुने खोगीर’ एवढ्यावर भागवावे लागले. आपल्याकडे दोन घोडे आहेत, तेव्हा दोन्ही खोगिरांवर घोड्याचे नावही घाला. घाईत दुसऱ्याचे खोगीर चढले तर पाठीला जखम व्हायला एक लांब फेरी पुरते.