गावातल्या घरात गॅस पेटला आणि बंब लांब असेल, तर म्हाताऱ्या आईवडिलांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईबाबा गुहागरकडच्या एका वाडीत दोघंच राहतात, घर कौलारू आहे आणि बंब यायला तास लागेल. मी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षेचं काम करतो आणि माझं घरही असंच पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून आहे. म्हणून आधी हेच सांगतो, की बंबाच्या भरवशावर आखणी करू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या दोघांच्या हातून काय होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडे आग दिसली की हात पाण्याच्या कळशीकडे जातो. मासे तळताना किंवा गणपतीत मोदक तळताना कढई पेटली, तर हीच सवय घात करते. पाणी जड असल्यामुळे तापलेल्या तेलात तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते. पेटतं तेल उसळून थेट अंगावर आणि माळ्यापर्यंत जातं. आईंना सांगा, शेगडी बंद करायची, परात किंवा मोठं ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर झाकायचं आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उचलायचं नाही. पेटलेली कढई मागीलदारी नेऊन टाकायची तर अजिबातच नाही.

नुसता वास आला तर? हा गॅस हवेपेक्षा जड असतो. जुन्या घरांचे उंबरठे उंच, त्यामुळे तो आतच जमिनीलगत साचतो. दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंच बटण चालू करायचं नाही, बंदही करायचं नाही. देवापुढची समई शांत करायची, रेग्युलेटर बंद करायचा, पुढचं-मागचं दार सताड उघडायचं आणि बाहेर पडायचं. फोन खळ्यात आल्यावर. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा असेल आणि हात पोचत असेल, तर हाताला ओलं, पिळलेलं गोणपाट गुंडाळून रेग्युलेटर बंद करावा. नाही जमलं तर सोडून द्या. गळती चालू ठेवून नुसती ज्वाळा विझवणं जास्त वाईट, कारण गॅस घरभर पसरतो आणि मग एकदम भडकतो. आणि ज्वाळा टाकीच्या अंगालाच लागत असेल तर कुणीही जवळ थांबू नये, धावत आलेल्या शेजाऱ्यांनीही.

वायर पेटली तर आधी मेन स्विच.

माळ्यावर पेंढा, नारळाची सोडणं, झावळ्या आहेत का? असतील तर खाली आणून घरापासून लांब रचा. आग वाशांना लागली की कौलं तडकून खाली पडतात, त्यामुळे पडवीत उभं राहणंही धोक्याचं. बाहेर पडलं की दागिने, कागद, मांजर, कशासाठीही परत आत जायचं नाही. बाबांना हे दोनदा सांगा. पुरुषमाणसं कागदांसाठी आत शिरतात.

वाडीच तुमची पहिली मदत. ओरडायचं, ११२ लावायचा आणि एकाने मुख्य रस्त्याच्या फाट्यावर जाऊन उभं राहायचं, नाहीतर गाडीला पाखाडी सापडत नाही. जवळच्या अग्निशमन केंद्राचा आणि पोलीस पाटलांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भाजलंच तर वीस मिनिटं स्वच्छ, गार, वाहतं पाणी. बांगड्या आणि अंगठ्या सूज चढायच्या आधी काढा. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

पुढच्या खेपेला गावी गेलात की रबरी नळीवरची तारीख बघा आणि पाच वर्षं झाली असतील तर बदला. खाऱ्या हवेत नळीचे क्लिपही गंजतात. मग शेगडी बंद असताना दोघांकडूनही रेग्युलेटर बंद करून घ्या, एकदा डोळे मिटूनसुद्धा, कारण धुरात काही दिसत नाही. आईंच्या बोटांत तेवढी ताकद नसेल तर ते आजच कळलेलं बरं.