तीनपायी कुत्रीला वृद्धाश्रमात नेण्याआधी

ताई, तुमच्या तीनपायी कुत्रीला वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या भेटीला न्यायचा तुमचा विचार फार चांगला आहे, पण घाई करू नका. आधी रेबीजची लस आणि जंतांचं औषध वेळेवर झालंय ना, बघा. मग आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पट्टा लावून फिरवा. अनोळखी माणसं, काठ्या, व्हीलचेअर यांची सवय होऊ दे. ती सारखी ओठ चाटायला, जांभया देत तोंड फिरवायला लागली, तर तिच्यावर ताण आलाय असं समजा आणि तिथंच थांबा.

वजन वाढू देऊ नका, उरलेल्या पायांवरच सगळा भार येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर ती घसरेल, सोबत जाजम न्या.

वृद्धाश्रमात गेल्यावर तिची कीव यावी असं काही सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. पक्षाघातानं एक हात गेलेले आजोबा विचारतील, "ही पळते कशी?" तुम्ही बोलू नका, तिलाच पळून दाखवू द्या. मग आजोबा आपणहून स्वतःच्या हाताबद्दल बोलू लागतात. तेव्हा फक्त ऐकायचं.

कुणी मराठीत हाक मारेल, कुणी कन्नडमध्ये. दोन्हींची सवय घरीच लावा. पहिल्या भेटीला अर्धा तास पुरे.