जिप्सी २ लाख किमी पळालीये, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलतोय, कमी पैशात इंजिनचं अजून काय काय करून घेऊ?

भाऊ, कॅम मागवायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घे, आधी कोरडं आणि मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत, कोरडा आकडा कमी असेल आणि ऑइलने चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर गेलाय, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट लीक आहे. रिंगा गेल्या असतील तर कॅमवर पैसे घालू नको, आधी बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) बघ.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर हेड (इंजिनचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) उतरवायची गरज नाही. कॅम आणि रॉकर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह दाबणारे हात) निघालेच आहेत तर व्हॉल्व्ह सील टाकून घे, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर दाबायचा म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, कॅम सील, पुढचं क्रँक सील तिथेच आहे, मजुरी एकच. रॉकरचे पॅड बोटाने चाचपून बघ, खड्डा लागला तर बदल, नाहीतर नवीन कॅम खाऊन टाकेल. नवीन कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) जास्त असेल तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पण लागतील. आणि ऑइल प्रेशर गरम इंजिनवर नीट असेल तर खालच्या क्रँकच्या बेअरिंगला हात लावू नको, मेकॅनिक कितीही म्हणाला तरी.