वाचक विचारतात : मतांवर निवडलेली आश्चर्ये

ताजमहाल जगातल्या सात आश्चर्यांत आहे, असे मुलांच्या पाठात येते. हे नेमके कोणी ठरवले? आणि इजिप्तचे पिरॅमिड त्यात का नाहीत? (एक शिक्षिका, फोंडा)

आपण म्हणता ती यादी ‘न्यू सेव्हन वंडर्स’ या खासगी संस्थेची आहे. बर्नार्ड वेबर या स्विस-कॅनडियन गृहस्थांनी ती उभी केली. इंटरनेटवरच्या पहिल्या मतदानातून 77 वास्तू पुढे आल्या. त्यांतून तज्ज्ञांच्या मंडळाने 21 निवडल्या आणि शेवटचे मतदान या 21 वास्तूंवर सुरू झाले. निकाल 7 जुलै 2007 रोजी लिस्बनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये जाहीर झाला. दिवस, महिना, साल, तिन्हीकडे सात. यात योगायोग काही नव्हता. निवडल्या गेल्या त्या सात वास्तू अशा : चीनची भिंत, जॉर्डनचे पेत्रा, रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, पेरूतले माचू पिचू, मेक्सिकोतले चिचेन इत्झा, रोमचे कोलोसियम आणि आपला ताजमहाल.

गिझाचे पिरॅमिडही त्या 21 मध्ये होते. प्राचीन ग्रीकांच्या सात आश्चर्यांपैकी आज एवढेच उभे आहेत. त्यांनी मते मागत फिरावे हा अपमान आहे, असे इजिप्तने ठणकावले. तेव्हा त्यांना मानाचे स्थान देऊन मतदानातून बाजूला काढण्यात आले. म्हणजे पिरॅमिड हरले नाहीत, ते शर्यतीतच नव्हते. मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.

आता मतांबद्दल. दहा कोटींहून अधिक मते पडली असे आयोजक सांगतात. पण एका माणसाला एकच मत, अशी अट फोन आणि एसएमएसला नव्हती. हवे तितके फोन करा, तितकी मते. जॉर्डनची लोकसंख्या तेव्हा 70 लाखांच्या आत होती आणि त्या देशातून एक कोटी चाळीस लाख मते गेल्याच्या बातम्या आल्या. ब्राझीलमध्ये ख्रिस्ताच्या पुतळ्यासाठी देशभर प्रचार झाला. कंबोडियात त्या वेळी इंटरनेट किती घरांत होते? अंगकोर वाट मागे पडले, त्याचा संबंध त्याच्या कोरीव कामाशी लावू नये. युनेस्कोने तर निकालाआधीच या उपक्रमाशी आपला संबंध नाही असे पत्रक काढले होते.

मुलांच्या वहीत वाक्य असे असावे : ‘2007 च्या एका जाहीर मतदानात ताजमहाल निवडला गेला.’ ताजला 1983 साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा ही वेगळी गोष्ट. ती वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

‘आपल्या किल्ल्याला युनेस्कोत मत द्या, शेवटचे दोन दिवस’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला आहे. लिंक उघडावी का? (म्हापसा)

उघडू नका. युनेस्कोच्या यादीसाठी जनतेचे मतदान कधीच होत नाही.

तिथला रस्ता लांबचा आहे. आधी देशाच्या सरकारने ते स्थळ आपल्या संभाव्य यादीत घालावे लागते आणि तिथे ते किमान एक वर्ष असावे लागते. मग नकाशे, सीमा, जतनाचा आराखडा आणि दहापैकी किमान एक निकष कसा पूर्ण होतो याची मांडणी, असा जाडजूड प्रस्ताव 1 फेब्रुवारीच्या आत पाठवायचा. सांस्कृतिक स्थळ असेल तर इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था प्रत्यक्ष पाहणी करते. निर्णय 21 देशांची समिती घेते. मराठ्यांचे बारा किल्ले जुलै 2025 मध्ये यादीत आले ते याच वाटेने. जुन्या गोव्याची चर्च आणि कॉन्व्हेंटही 1986 साली अशीच आली. कोणी बटण दाबले म्हणून नव्हे.

‘आपले राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवले’ हा निरोप आठवतो ना? त्याच गोत्रातला हाही आहे. फरक इतकाच की या लिंकवर तुमचा फोन नंबर मागतील.

बॉम जिझस बॅसिलिकाही अशा कुठल्या मतदानात निवडली गेली होती म्हणतात. खरे आहे का? (जुने गोवे)

खरे आहे. पोर्तुगालने 2009 साली ‘जगभरातली पोर्तुगीज मूळ असलेली सात आश्चर्ये’ असे मतदान घेतले. निकाल 10 जूनला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी लागला. त्यात बॉम जिझस आली आणि दीवचा किल्लाही. मकाऊचे सेंट पॉल आणि मोरोक्कोतला माझागावचा किल्लाही त्याच यादीत आहेत. (हे माझागाव मुंबईचे नव्हे!) काही इतिहासकारांनी तेव्हाच जाहीर आक्षेप घेतला होता : यातल्या काही ठिकाणांहून गुलामांचा व्यापार चाले आणि स्पर्धेच्या माहितीत त्याचा उच्चारही नाही. आक्षेप रास्त होता. मतदान कोणी मांडले आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यावर अर्धा निकाल तिथेच ठरतो.

ओघात एक सांगतो. बॅसिलिकेच्या फोटोत जो लालसर चिरा डोळ्यांत भरतो, तो बांधणाऱ्यांनी दाखवायला ठेवलेला नव्हता. वर चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात जीर्णोद्धार करताना काढला गेला. चिरा मुळात भोकाभोकांचा, पाणी पिणारा. गोव्याच्या पावसात उघडा राहिला की आधी कडा झिजतात, मग पृष्ठभाग भुगा होऊन सुटू लागतो. आपल्या घरांच्या चिऱ्याच्या भिंतींना आपण उगाच गिलावा करत नाही. फोटो पाहून मत देणाऱ्याला हे कळायला वाव नसतो. त्याला लाल रंग आवडतो.

आमच्या वाचनालयातर्फे ‘गोव्यातल्या सात थोर वास्तू’ असे मतदान घ्यायचे आहे. गेल्या वेळी गुगल फॉर्म केला, तर एका रात्रीत एकाच किल्ल्याला साठ मते पडली आणि भांडणे झाली. यंदा काय करावे? (एक कार्यकारिणी सदस्य, डिचोली)

साठ मतांचा उलगडा सोपा आहे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एकच उत्तर’ ही अट बंद राहिली असणार. ती चालू केली की गुगल खात्यातून शिरावे लागते. तरीही एकाची तीन खाती असू शकतात. म्हणून उत्तरांच्या तक्त्यातला वेळेचा रकाना रोज पाहा. पाच मिनिटांत वीस मते आणि सगळी एकसारखी, असे दिसले की तिथे पाणी मुरते आहे. आमचे मत विचाराल तर वाचनालयाने कागदच वापरावा. सभासद क्रमांकासमोर खूण, मतपत्रिकेच्या मागे शिक्का, पेटीच्या तोंडावर दोघांच्या सहीची पट्टी. दोनशे-अडीचशे मते दोन तासांत मोजून होतात.

पण भांडणाचे मूळ बहुतेक वेळा मोजणीत नसते, प्रश्नात असते. ‘थोर’ म्हणजे काय? जुनी, सुंदर, की आपल्या श्रद्धेची? मंगेशी आणि शांतादुर्गा एकाच मतपत्रिकेवर आली की लोक वास्तूला नव्हे, कुलदैवताला मत देतात. महाजन मंडळींना आमनेसामने आणण्याचे पुण्य वाचनालयाने कशाला घ्यावे? प्रश्न असा ठेवा : ‘गोव्यात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला बांधकामासाठी कोणती वास्तू दाखवाल?’ चालत्या देवस्थानांची वेगळी यादी करा किंवा ती सोडून द्या. दूधसागर यात घालू नका. धबधबा आणि किल्ला यांची तुलना होत नाही. ‘न्यू सेव्हन वंडर्स’वाल्यांनीही निसर्गाचे मतदान नंतर वेगळे घेतले.

नावे बारा ते पंधरा. त्याहून जास्त झाली की लोक वरची चार वाचतात आणि खूण करून मोकळे होतात. याच कारणासाठी मतपत्रिका तीन वेगवेगळ्या क्रमांनी छापा आणि मिसळून वाटा. गुगल फॉर्ममध्ये पर्याय आपोआप उलटसुलट करण्याची सोय आहे. फोटो लावणार असाल तर सगळे एकाच मापाचे आणि शक्यतो एकाच ऋतूतले घ्या. तांबडी सुर्लाचे देऊळ श्रावणातल्या हिरवळीत आणि आग्वाद मे महिन्याच्या दुपारी, असे झाले तर ते मतदान पावसाचे झाले.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा. एका माणसाला एकच खूण ठेवली तर मते फुटतात. समजा 120 जणांनी मते दिली : बॉम जिझस 28, से कॅथेड्रल 22, सेंट ऑगस्टिनचा मनोरा 16, तांबडी सुर्ला 34, आग्वाद 20. पहिला नंबर तांबडी सुर्लाचा. पण 66 जणांना जुन्या गोव्यातली काहीतरी वास्तू हवी होती, त्यांची मते पहिल्या तिघांत वाटली गेली. उपाय असा की प्रत्येकाला सात खुणांपर्यंत मुभा द्या. सातच करा अशी सक्ती नको, नाहीतर शेवटच्या दोन खुणा डोळे मिटून होतात. आठवी खूण आढळली की मतपत्रिका बाद, हा नियम वरच ठळक छापा. सातव्या जागेसाठी बरोबरी झाली तर काय, तेही पेटी उघडण्याआधी फळ्यावर लिहा. आठ वास्तू जाहीर केल्या तरी आभाळ कोसळत नाही.

आणखी एक रकाना जरूर ठेवा : ‘प्रत्यक्ष पाहिली आहे का?’ लोक पाहिलेल्यालाच मत देतात. कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला चिऱ्याच्या सड्यावर कोरलेले बैल, हरणे आणि तो चक्रव्यूह पाहायला सांगे तालुक्यात आत जावे लागते, आणि पावसाळ्यात चित्रे पाण्याखाली जातात. आग्वादला गाडी थेट दारापर्यंत. समजा 240 मतदारांपैकी आग्वाद 190 जणांनी पाहिला आणि त्यांतल्या 76 जणांनी निवडला, म्हणजे शंभरी 40. उसगाळीमळ 40 जणांनी पाहिले आणि त्यांतल्या 26 जणांनी निवडले, म्हणजे शंभरी 65. नुसत्या मतांत आग्वाद जवळजवळ तिप्पट पुढे दिसतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा, त्यांची सरासरी मात्र काढत बसू नका. इतक्या आत जाणारा माणूस मुळातच हौशी असतो, त्यामुळे 65 हा आकडाही थोडा फुगलेला असणार. पाहणारे तिसाहून कमी असतील तर टक्केवारी देऊच नका.

आमच्या मंडळाला एका संस्थेचे पत्र आले : ‘तुमचे स्थळ अंतिम फेरीत आहे, प्रचाराचे पॅकेज घ्या.’ पैसे भरावेत का? (पेडणे)

आधी लेखी विचारा : पैसे न भरल्यास स्थळ यादीत राहील का? एका व्यक्तीला किती मते? प्रत्येक मताचे पैसे कोणाकडे जातात? निकालाचे आकडे छापणार का? चारपैकी एका उत्तरात जरी टाळाटाळ दिसली तर पत्र फाइलला लावून टाका.

मोठमोठ्यांची फजिती झालेली आहे. निसर्गाच्या आश्चर्यांच्या मतदानातून मालदीवने 2011 मध्ये, खर्च अपेक्षेबाहेर वाढत चालला म्हणून अंग काढून घेतले. दक्षिण कोरियाचे जेजू बेट निवडून आले खरे, पण तिथल्या प्रशासनाने सरकारी फोनवरून मतांचा मारा केला होता आणि त्याचे बिल करदात्यांच्या माथी बसले. तुमच्या मंडळाकडे तेवढे पैसे असतील तर आधी त्या स्थळाकडे जाणाऱ्या वाटेवर दिशाफलक लावा.