केसतोड, नायटा आणि मेडिकलमधली ट्यूब

प्रश्न : तालमीत मॅट आल्यापासून पोरांना मानेवर, मांडीवर केसतोड उठतायत. काहींना नायटा झालाय. मॅट रोज फिनाईलनं पुसतो. मेडिकलमधली ट्यूब लावली की खाज थांबते, पण परत उपटते. मातीत असलं काही नव्हतं. मॅट काढून टाकावी का? – एक वस्ताद, शिरोळ तालुका

उत्तर : वस्ताद, मॅट राहू द्या. मातीतल्या पैलवानांचे नायटेही मी भरपूर पाहिलेत. रोग एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो, मॅट त्याला मदत करते एवढंच.

आधी त्या ट्यूबचं खोकं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं खाज मरते, नायट्याची बुरशी मरत नाही. नायट्याची गोल कड पुसट होते, पोरगं ‘बरं झालं’ म्हणून लढतीला उतरतं आणि जोडीदाराला प्रसाद देतं. असल्या ट्यूबा चोळून आलेला नायटा गोळ्या देऊनही महिना-दोन महिने हटत नाही. ट्यूब आजच बंद करा आणि पोरांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

केसतोड वेगळा. तो जिवाणूंचा. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात मुक्कामाला असतो. कातडी खरचटली की आत शिरतो. 2003 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघात 5 खेळाडूंना मिळून 8 वेळा असा संसर्ग झाला, तोही नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा. चौकशीत काय निघालं? खरचटलेल्या जखमा उघड्या आणि टॉवेल, रेझर सामाईक. तुमच्याकडं एकाच रेझरनं किती डोकी भादरली जातात, बघा जरा. आणि खुंटीवरचे ओले लंगोट! ते रोज धुऊन उन्हात पडले पाहिजेत. मेहनत झाली की गप्पांना बसण्याआधी साबणानं आंघोळ. केसतोड पिळायचा नाही.

मॅटला फिनाईलचा वास आला म्हणजे ती स्वच्छ झाली असं नाही. आधी साबणाच्या पाण्यानं घाम-मळ काढा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग 1 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिली, रोज ताजं कालवून. पुसल्यावर 10 मिनिटं मॅट ओलीच राहिली पाहिजे. पंखा लावून लगेच वाळवू नका. नंतर साध्या पाण्याचं फडकं. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा संडासचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होऊ शकतो. कव्हर फाटून स्पंज दिसत असेल तर तो तुकडा बदला, आत मुरलेला घाम कशानं पुसणार?

पू वाहतोय तोवर पोराला मॅटवर घेऊ नका. अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाले, दोन दिवसांत नवा फोड नाही आणि जुना सुकला, मगच. नायट्यालाही औषध लागून किमान तीन दिवस. स्पर्धा तोंडावर असली तरी!

गालावर, मानेवर बारीक पाणीदार फोडांचा झुबका आणि सोबत ताप दिसला तर ते हर्पिस, म्हणजे विषाणूचा संसर्ग, असू शकतं. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.