मावशींच्या पिशवीतल्या तीन गोळ्या

"ताई, पित्ताची गोळी किडनी खाते म्हणे. खरं का हो?"

मावशी खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न आला. वय ५८, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. सोबत भाचा, मोबाइल पुढे धरून उभा. त्यात पांढरा कोट घातलेलं कुणीतरी सांगत होतं की अ‍ॅसिडिटीची गोळी सहा महिने घेतली की डायलिसिस ठरलेलं. व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी मावशींनी गोळी सोडली. तिसऱ्या रात्री छातीत अशी आग पडली की सगळी रात्र भिंतीला टेकून काढली. पहाटे घशात बोटं घालून पित्त पाडलं, तरी चैन नाही. आठव्या दिवशी गोळी परत सुरू. घ्यावी तर किडनीची भीती, सोडावी तर आग.

मी फार्मासिस्ट आहे, रुग्णालयात औषध समुपदेशन करते. गोळी लिहिणं आणि थांबवणं डॉक्टरांच्या हातात. माझं काम ती नीट घेतली जाते का ते बघणं आणि गडबड दिसली तर डॉक्टरांच्या कानावर घालणं. मावशींचाच प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून त्यांना विचारून, ओळख लागेल असे तपशील बदलून ही हकिगत लिहिते आहे.

उत्तर द्यायच्या आधी मी उलट प्रश्न केले. गिळताना घास अडकतो का? वजन आपोआप उतरलंय का? शौचाला डांबरासारखी काळी होते का? उलटीत रक्त? चालताना किंवा जिना चढताना छातीत भरून येतं, घाम फुटतो, दुखणं जबड्यात किंवा हातात जातं, असं काही? या प्रश्नांत मी घाई करत नाही. हृदयाच्या झटक्याला 'गॅस झालाय' म्हणत सोडा पिऊन घरी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. मावशींच्या बाबतीत सगळी उत्तरं 'नाही' आली.

मग म्हटलं, "मावशी, पिशवी टेबलावर रिकामी करा."

मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तदाबाची एक गोळी, कॅल्शियम आणि पित्ताच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या. पहिली पॅन्टोप्राझोलची, नावाच्या शेवटी 'डीएसआर' लिहिलेली, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली. दुसरी राबेप्राझोल, चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली. तिसरी ओमेप्राझोल, ती मामांची, 'लईच जळजळलं तर' म्हणून ठेवलेली. सकाळी एक, रात्री एक, मध्येच कधी तिसरी. मावशींना ती तीन वेगळी औषधं वाटत होती. पण नावाच्या शेवटी '-प्राझोल' असलेल्या या गोळ्या एकाच घराण्यातल्या, काम सगळ्यांचं एकच: पोटातल्या आम्लाचे पंप बंद करणं.

चार वर्षांपूर्वीचा कागद पिशवीच्या तळाशी घडी घालून ठेवलेला होता. त्यावर डायक्लोफिनॅक आणि राबेप्राझोल, दोन्हींपुढे '१० दिवस'. वेदनाशामक गोळीने जठराला जखम होऊ नये म्हणून सोबत दिलेलं ते संरक्षण होतं, आणि ते योग्यच होतं. दहा दिवसांनी डायक्लोफिनॅक संपली. राबेप्राझोल मात्र राहिली, कारण मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळत गेली. थांबवा असं कुणी सांगितलं नाही, आणि मावशींनाही विचारावंसं वाटलं नाही. पट्टीवर लाल रेघ आणि आरएक्स अक्षरं असतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा कायदा आहे. ही गोष्ट माझ्याच पेशातली आहे, म्हणून ती मला जास्त लागते.

आता किडनीचं. भाचा उत्तरासाठी अडून बसला होता, आणि त्याला उडवून लावणं बरोबर नव्हतं, कारण व्हिडिओतली गोष्ट पूर्ण खोटी नव्हती. या गोळ्यांनी क्वचित कुणाच्या मूत्रपिंडाला अचानक सूज येते. ती कधी काही आठवड्यांत येते, कधी महिन्यांनी. ताप, अंगावर पुरळ, लघवी कमी होणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पण 'सहा महिने घेतली की डायलिसिस' हे चूक. २०१९मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयरोगाच्या सुमारे १७,६०० रुग्णांपैकी अर्ध्यांना रोज ४० मिलिग्रॅम पॅन्टोप्राझोल, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि सरासरी तीन वर्षं लक्ष. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, हाड मोडणं, विसरभोळेपणाचा आजार यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. आम्ल कमी झालं की अन्नपाण्यातून आलेले जंतू मरत नाहीत, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पावसाळ्यात पाणी उकळून प्या, हा सल्ला या गोळ्या घेणाऱ्यांना मी जरा जोर देऊनच सांगते.

मला मावशींच्या किडनीपेक्षा त्यांच्या पायांची काळजी वाटली. "तळपायाला मुंग्या येतात का?" विचारलं, तर म्हणाल्या, "ते साखरेमुळं असंल." असेलही. पण अन्नातलं बी१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं, ते गोळीने वर्षानुवर्षं दाबलेलं. मेटफॉर्मिननेही बी१२ कमी होतं. त्यात मावशी माळकरी, मांस-मासे-अंडी नाहीत, दूधही चहापुरतं. तीन बाजूंनी एकच गळती. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि बी१२ कमी निघालं. इतके दिवस 'वय झालं, साखर आहे' म्हणून सोडून दिलेल्या मुंग्या होत्या त्या. असाच मॅग्नेशियमचा प्रश्न असतो: पायात गोळे येणं, छातीत धडधड, विशेषतः लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर. आणि कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जिरायला आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायला सांगितली.

'डीएसआर'मधला 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. पित्ताच्या गोळीला जोडून आपल्याकडे ते सर्रास मिळतं आणि लोक महिनोन् महिने घेतात. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४मध्ये ते मळमळ-उलटीपुरतं आणि साधारण आठवडाभरच द्यावं असं ठरवलं, कारण हृदयाची लय बिघडण्याचा धोका आढळला. साठीच्या आसपासच्या आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने ते आपल्या मनाने रोज घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मावशींना मळमळ नव्हतीच.

मग त्यांना विचारलं, गोळी घेता कधी?

"पहाटं पाचला. मिसरी लावली, चहा घेतला की गोळी."

"आणि जेवता?"

"अकराला, रानातून आल्यावर. न्याहारीची सवय नाय."

इथे खरी मेख होती. मावशींच्या शेतात विहिरीवर मोटर आहे, म्हणून त्याच भाषेत समजावलं. जठरात आम्ल सोडणाऱ्या लहान लहान मोटरी असतात. ही गोळी चालू मोटरीलाच पकडते, बंद मोटरीला हात लावत नाही. मोटरी चालू होतात जेवण पोटात गेलं की. गोळीचं औषध रक्तात तास-दोन तास जोरात असतं, नंतर ओसरतं. पाचला घेतलेली गोळी अकराच्या जेवणापर्यंत कुठली टिकायला? म्हणून ती अर्धा ते एक तास आधी हवी, म्हणजे मावशींच्या घड्याळात सव्वादहाला. ती चावायची नाही, कुटायची नाही. वरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असतं. शिवाय आग पडल्यावर एक गोळी घेतली की लगेच विझेल, असं तिचं काम नाही. पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. तातडीच्या जळजळीला पातळ अँटासिडचा चमचा बरा. तोही दुसऱ्या औषधांपासून दोनेक तास लांब ठेवावा, कारण लोहाच्या, थायरॉइडच्या आणि काही प्रतिजैविकांच्या गोळ्यांना तो पोटातच अडवतो. सोड्याच्या पुडीत सोडियम भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांनी ती सवय लावून घेऊ नये.

मावशींचा खरा सवाल अजून बाकी होता. "मग सोडल्यावर एवढी आग का पडली? म्हंजे रोग आहेच की आत."

याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं, कारण इथेच माणसं जन्माची गोळीला बांधली जातात. आम्ल दाबलं की शरीराला वाटतं, कमी पडतंय. ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून 'अजून सोडा, अजून सोडा' असा हुकूम देत राहतं. गोळी एकदम काढली की हुकूम तसाच चालू, अडवणारं कुणी नाही. २००९मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० धडधाकट माणसं घेतली, ज्यांना कधी पित्ताचा त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे गोळी देऊन बंद केली. नंतरच्या चार आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. ज्यांना खरी गोळी दिलीच नव्हती, त्यांच्यात हा आकडा १५ टक्के. रोग नसलेल्या माणसालाही गोळी सोडताना आग पडते. मावशी हे ऐकून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ती आग गोळीची, माझी नाही." पूर्णपणे तसं म्हणता येत नाही, पण त्या दिशेने त्या आल्या होत्या.

वय आणि इतक्या वर्षांच्या गोळ्या बघून डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने तपासणी केली. व्रण नव्हता, अन्ननलिकेला जखम नव्हती, तुकड्याच्या तपासणीतही काही निघालं नाही. तेव्हाच त्यांनी उतरण ठरवली. रात्रीची राबेप्राझोल बंद, मामांची गोळी मामांना परत, डॉम्पेरिडोन काढलं. सव्वादहाला साधी पॅन्टोप्राझोल ४०, काही आठवड्यांनी २०, मग दिवसाआड, मग लागली तर. मध्ये आग पडली तर चमचाभर अँटासिड. हा हिशेब मावशींचा आहे, तो दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये.

का वापरू नये, ते त्याच महिन्यात दिसलं. तसाच व्हिडिओ पाहून एका काकांनी पित्ताची गोळी सोडली होती. त्यांच्या हृदयात स्टेंट, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्यांची पित्ताची गोळी जळजळीसाठी नव्हतीच, जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून होती. तीन आठवड्यांनी काळी शौच झाली आणि ते चक्कर येऊन पडले. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, वाचले. ज्यांना पूर्वी व्रणातून रक्त गेलंय, ज्यांच्या अन्ननलिकेचा दाह मोठा आहे, जे उतारवयात वेदनाशामक रोज घेतात, त्यांनाही ही गोळी ढाल असते. त्यांनी ती भीतीने टाकू नये. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं, कारण या दोन गोळ्यांनी क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. म्हणून शेजाऱ्याची पट्टी चालत नाही.

घरातले बदल मावशींनी आपल्या पद्धतीने केले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. नुसत्या दोन उशा घेऊन मान वाकते, छाती उंच होत नाही. रात्रीचं जेवण साडेसातला, कारण झोप दहाला. डाव्या कुशीवर झोपणं. घशात बोटं घालून पित्त पाडणं बंद केलं. त्याने आम्लच वर येऊन अन्ननलिका सोलते, हे पटायला दोन भेटी लागल्या. मिसरी सुटली नाही. तंबाखूने अन्ननलिकेच्या तळाची झडप ढिली पडते, हे सांगून झालंय, पुन्हा सांगेन.

भाच्याचं काम मी कॅलेंडरवर लावून दिलं. गोळी घेतली त्या चौकोनात निळी टिकली, आग पडली तर लाल. पहिल्या दोन आठवड्यांत लाल टिकल्या इतक्या होत्या की मावशी एकदा फोनवर रडल्या. "हे चार आठवड्यांपर्यंत चालेल, आपण ठरवलं होतं ना," एवढंच मी म्हणाले. पाचव्या आठवड्यात लाल टिकल्या तीनवर आल्या.

परवा त्या कॅलेंडरची पानं फाडून घेऊन आल्या. आषाढी एकादशीच्या चौकोनात लाल टिकली, पुढच्या दोन दिवसांत निळ्या. "दिवसभर उपास, रात्री उशिरा साबुदाणा खाल्ला," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या, "मग दोन दिवस घेतली गोळी."

"जेवणाआधी?"

"सव्वादहाला."

"मग बरोबर केलंत." बी१२ची इंजेक्शनं झाली आहेत, तळपायाच्या मुंग्या रात्री कमी वाटतात म्हणाल्या. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे, ती तारीख भाच्याने आत्ताच कॅलेंडरवर गोल करून ठेवली.