वाचक विचारतात : इंजिन बदललं, जुना रेडिएटर ठेवावा का?

प्रश्न : 1948च्या शेवरले ट्रकचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढून तीन लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन बसवलं आहे. रेडिएटर मूळचाच, तांब्या-पितळेचा, बिनदाबाच्या टोपणाचा. राजवाड्याच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो, ए. बी. रोडला लागलं की उतरतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून पाहिला, फरक पडला नाही. आता तो अल्युमिनियमचा रेडिएटर घ्या म्हणतो.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जुनाच ठेवा. मूळ इंजिन साडेतीन लिटरचं होतं. तुमचं त्याहून लहान आहे, शिवाय तेवढ्याच कामाला डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता पाण्यात सोडतं. तेव्हा रेडिएटरची जाळी अपुरी पडते असं मानायला आधार नाही. उभ्या गाडीत तापणं आणि धावताना निवणं, हे हवा कमी पडल्याचं लक्षण. गर्दीत ठीक राहून मानपूरच्या घाटात तापली असती, तर आधी नळ्या तुंबल्याचा संशय घेतला असता.

चार सिलिंडरचं इंजिन आखूड असतं. ते बसवलं की पंखा जाळीपासून वीतभर मागे राहतो, पुष्कळदा खालीही येतो, आणि बॉनेटखालचीच गरम हवा घुसळत बसतो. इंजिन मंद गतीवर ठेवून जाळीच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरा. तो सगळीकडे चिकटून राहिला पाहिजे. मधोमध चिकटला आणि कोपऱ्यांत गळून पडला, तर श्राउड, म्हणजे पंख्याची हवा सगळ्या जाळीतून ओढायला लावणारं आवरण, करून घ्या. 1 मिमी पत्र्याचा, सबंध जाळी झाकणारा, मागे गोल तोंडाचा. पात्याची निम्मी रुंदी तोंडाच्या आत, निम्मी बाहेर, आणि टोकांभोवती 20 मिमी जागा. त्याहून कमी ठेवू नका, कारण रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं. पंखा पुढे आणायला त्याच्यामागे जाड स्पेसर (अंतर वाढवणारी चकती) घालण्याचा मोह होतो, पण त्याचा सगळा ताण वॉटर पंपाच्या बेअरिंगवर येतो.

थर्मोस्टॅट परत बसवा. पुष्कळ डिझेल इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी, वाट बंद करतो. काढून टाकला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. हा उपाय आपल्याकडे सर्रास करतात, आणि त्याने नुकसानच होतं.

आता दाब. नव्या इंजिनासोबतचं 13-15 पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत दाब) टोपण या रेडिएटरला लावू नका, टाकीची झाळ उकलेल. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने साधं पाणी इथे 98 अंशांच्या आसपास उकळतं. दर पीएसआय दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंश चढतो. म्हणून 4 पीएसआयचं टोपण पुरे. जुन्या तोंडाला त्याची बैठक नसते, तेव्हा नवं तोंड झाळून घ्यावं लागेल. त्या आधी रेडिएटर पाण्यात बुडवून 7 पीएसआय हवेने तपासून घ्या.

थर्मोस्टॅटची हाउसिंग रेडिएटरच्या टोपणापेक्षा उंच आली असेल, तर तिथे हवा अडकते आणि काटा काही कारण नसताना नाचतो. अशा वेळी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर), सगळ्यांत उंच जागी, छोटी हेडर टाकी, म्हणजे पाण्याची जादा टाकी, बसवा, दाबाचं टोपण तिलाच ठेवा आणि हाउसिंगपासून तिथवर 6-8 मिमीची हवानळी न्या. रेडिएटरचं तोंड मग साध्या टोपणाने घट्ट बंद करायचं.

लहान होज ओढूनताणून मोठ्या नळीवर चढवू नका. दोन मापांचा पायरीचा होज घ्या, नाहीतर पितळेचा अडॅप्टर लेथवर करून घ्या, कडेला उंचवटा ठेवून, म्हणजे क्लिप निसटत नाही. खालच्या होजमध्ये स्प्रिंग हवीच. पंपाच्या ओढीने होज चपटा होतो, आणि तोही फक्त इंजिन जोरात असताना, त्यामुळे उभ्या गाडीत हा दोष दिसतच नाही.

आत साचलेली क्षारांची पापडी काढायची तर रेडिएटर उतरवून, लिटरमागे 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, कोमट पाण्यात, तासभर. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन खालून वर उलटं पाणी सोडा. फरशी धुण्याचं अॅसिड पितळ आणि झाळ दोन्ही खातं. इतक्याने नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर वरची टाकी काढून रॉड मारून (नळ्यांतून सळी फिरवून) घ्यावे लागतील.

प्रश्न : अशा रेडिएटरमध्ये हिरवा कूलंट घालावा की लाल?
– एक वाचक, महू

उत्तर : रंग पाहून ठरवू नका, कंपन्या हवा तो रंग घालतात. डब्यावर तांबं, पितळ आणि शिशाच्या झाळेला चालतो असं लिहिलेलं पाहा. काही सेंद्रिय आम्लांचे कूलंट ही झाळ पोखरतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी : 15 लिटरला 5 आणि 10. ग्लायकॉल जास्त झालं तर मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं. बोअरचं पाणी मुळीच नको, नर्मदेच्या नळाचंही टाळा.